जुने पाकपुस्तक, नवा ओटा

रद्दीच्या दुकानात जुने पाकपुस्तक हाती लागले की आधी अनुक्रमणिका उघडू नका. आधी प्रमाणांचे पान शोधा. बहुतेक मराठी पाकपुस्तकांत प्रस्तावनेच्या आसपास असे एक पान असते: वाटी केवढी, चमचा कोणता, कृती किती माणसांची. ते शाबूत असेल तर पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक कृती आजच्या ओट्यावर करता येते. फाटले असेल तरी पुस्तक टाकाऊ ठरत नाही, फक्त मापे आपल्याला शोधून काढावी लागतात. ती कशी काढायची ते पुढे येईलच.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अशी पुस्तके मिळतात. गावोगावचे रद्दीवाले आहेतच. त्यांना सांगून ठेवले तर ते गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवतात. निवडताना आमचा कल स्पष्ट आहे. पंजाबी, चायनीज, केक, सरबते असे सगळे एकत्र कोंबलेल्या जाड पुस्तकापेक्षा एका प्रांताचे किंवा एका समाजाचे बारीकसे पुस्तक घ्यावे. खानदेशी, सारस्वत, सीकेपी, वऱ्हाडी, मालवणी स्वयंपाकावरच्या छोट्या पुस्तकांत असे पदार्थ असतात, जे इतरत्र छापलेले सापडत नाहीत.

पाने चाळताना डाग बघा. तेलकट, हळद लागलेले पान म्हणजे तो पदार्थ त्या घरात खरोखर होत होता. समासात पेन्सिलीने ‘गूळ कमी’ किंवा ‘पाणी दीडपट’ असे लिहिलेले असेल, तर ती प्रत कोऱ्या प्रतीपेक्षा मोलाची. ही टिपणे खोडू नका.

बुरशीचा वास येत असेल तर पुस्तक थेट स्वयंपाकघरात नेऊ नका. तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने पाने झटकावीत आणि दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर उघडे ठेवावे. कडक उन्हात कागद ठिसूळ होतो. कसर लागलेली दिसली तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठ-दहा दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस जाऊ द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरते. स्वयंपाक करताना मात्र पुस्तक ओट्यावर नको. हव्या त्या पानाचा फोटो काढावा किंवा कृती कागदावर उतरवून घ्यावी. उतरवून घेण्याचा आणखी एक फायदा आहे: लिहिताना कृतीत काय सांगायचे राहिले आहे, ते लगेच लक्षात येते.

शेर, तोळा, रत्तल, वाटी

मापांवरून पुस्तकाचा काळही समजतो. शेर, छटाक, तोळा असेल तर मजकूर बहुधा १९६० च्या आधीचा आहे, कारण भारतात किलोग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले. रत्तल-पौंड आणि औंस त्याच सुमाराचे. वाटी-चमच्याचे माप पुढे घट्ट रुजले. १९७० साली आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ घरोघरी पोचण्यामागे हे सोपे माप मोठे कारण होते.

रूपांतर असे करा. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. अच्छेर ४६६, पावशेर २३३, छटाक ५८ ग्रॅम. एक तोळा ११.६६ ग्रॅम, आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब इथे लावू नका. ‘रुपयाभार’ लिहिले असेल तर तेही तोळाभरच, कारण जुन्या चांदीच्या रुपयाचे वजन तेवढे होते. मासा म्हणजे तोळ्याचा बारावा भाग, जवळपास एक ग्रॅम. गुंज माशाचा आठवा हिस्सा. ‘दोन गुंजा केशर’ म्हणजे पाव ग्रॅम, आजच्या एक ग्रॅमच्या डबीचा चौथा भाग. रत्तल किंवा पौंड ४५४ ग्रॅम, औंस २८ ग्रॅम.

खरी फसगत शेरातच होते. जुन्या मुंबईत चालणारा शेर सुमारे २८ तोळ्यांचा होता, म्हणजे पक्क्या शेराच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. शिवाय धान्याचा शेर पुष्कळदा वजनाचा नसून मापाचा, म्हणजे भांडे भरून मोजायचा असे. चिपटे, मापटे, अधोली, पायली ही सगळी मापी भाषा. पुस्तकातला शेर कोणता हे ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे. ज्या कृतीत शेराबरोबर मोजून घ्यायची वस्तू आली आहे ती शोधा. ‘एक शेर तांदळाला दोन नारळ’ असे नारळीभाताला लिहिले असेल, तर ९३३ ग्रॅम तांदळाला दोन नारळ जुळतात. मुंबईच्या शेराने, म्हणजे ३२५ ग्रॅमला, दोन नारळ घातले तर भातापेक्षा खोबरेच जास्त होईल. अशा दोन-तीन कृती ताडून पाहिल्या की शेर ठरतो. तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

वाटीचे कोडे सोपे आहे. कृतीतले सगळे जिन्नस वाटीनेच मोजलेले असतील तर वाटी केवढीही असो, प्रमाण बिघडत नाही. बिघडते ते वाटीबरोबर चमचा, अंडे, लिंबू किंवा सोडा आला की. तुमची वाटी २०० मिलीची आणि पुस्तकातली १५० ची असेल, तर पीठ एक तृतीयांशाने वाढते, पण सोडा ‘पाव चमचा’च राहतो. मग ढोकळा बसतो आणि दोष बेसनावर जातो. प्रमाणांचे पान नसेल तर १५० मिलीची वाटी धरून सुरुवात करा. अशा वाटीत साखर सुमारे १२५ ग्रॅम, तांदूळ किंवा तूरडाळ १२० ते १२५, बारीक रवा १००, मैदा ८०, बेसन ६५ ते ७० ग्रॅम मावते. बेसन चाळून भरले की दाबून भरले यावर दहा ग्रॅम इकडे तिकडे होतात. परदेशात कपाने मोजत असाल तर तो २४० किंवा २५० मिलीचा असतो, आणि ऑस्ट्रेलियात टेबलस्पून १५ नव्हे तर २० मिलीचा. ‘चमचा’ एवढेच लिहिलेले असेल तर मीठ, सोडा, तिखट यांना चहाचा चमचा, ५ मिली, धरणे सुरक्षित. ‘डाव’ आणि ‘पळी’ यांना ठरलेले माप नाही. आपल्या घरातली पळी पाण्याने भरून एकदा मोजून ठेवावी.

‘मीठ अंदाजाने’ यावर अडू नका. भाजी-आमटीला तयार पदार्थाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का मीठ लागते. अर्धा किलो भाजीला सपाट एक चमचा घालून चव बघा.

चूल, शेगडी आणि कुकर

माप बरोबर असूनही पदार्थ फसतो तो पाण्यामुळे. कुकरच्या आधीच्या कृती उघड्या भांड्यात, तासभर शिजण्यासाठी लिहिलेल्या आहेत. एक वाटी तूरडाळीला चार-पाच वाट्या पाणी सांगितले असेल, तर त्यातले बरेचसे वाफ होऊन जाणार हे गृहीत धरलेले असते. कुकरमध्ये वाफ अडते, म्हणून तिथे दोन ते अडीच वाट्या पुरतात. तांदळाबाबतही नवा-जुना पाहावा लागतो: नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला वाटीमागे पाव ते अर्धी वाटी जास्त.

‘खाली-वर विस्तव ठेवून’ म्हणजे भट्टी. ओव्हन १८० अंशांना तापवून घ्या आणि लिहिलेल्या वेळेच्या पाऊण वेळातच पहिल्यांदा बघा. ओव्हन नसेल तर जाड तवा, त्यावर झाकणाचे भांडे, मंद आच. ‘निखाऱ्यावर ठेवून द्यावे’ म्हणजे गॅसच्या लहान बर्नरची अगदी बारीक आच आणि खाली तवा. ‘कल्हईच्या पातेल्यात’ असेल तिथे स्टील वापरा. चिंच, आमसूल, ताक, लिंबू घातलेला पदार्थ कल्हई उडालेल्या पितळेत कधीही करू नये. आंबट पदार्थात धातू उतरतो आणि तो विषारी असतो.

पाटा-वरवंट्यासाठी लिहिलेले वाटण मिक्सरमध्ये तसेच होत नाही. पाट्यावर ओले खोबरे चिरडले जाते, पाणी जवळपास लागतच नाही. मिक्सरमध्ये पाते फिरायला पाणी लागते आणि वाटण पांढरट, पातळ होते. उपाय असा: सुके जिन्नस आधी कोरडे फिरवून घ्या, मग खोबरे, मग चमच्या-चमच्याने पाणी, आणि दहा सेकंदांहून जास्त सलग फिरवू नका. भांडे तापले की खोबरे तेल सोडते. वेलदोडा, जायफळ, दाण्यांची चटणी, ठेचा हे खलबत्त्यातच करावे. इथे मिक्सरची तडजोड चवीला मारते.

शब्दांचेही तसेच. ‘आधण’ म्हणजे उकळते पाणी, कोमट नव्हे. ‘कडकडीत मोहन’ म्हणजे पिठाचा कण टाकला तर लगेच फसफसून वर यावा इतके तापलेले तेल. मोहन पुरेसे आहे का, हे पिठाची मूठ वळून पाहावे, वळलेला मुटका टिकला पाहिजे. एकतारी पाक साधारण १०६ ते ११२ अंश, गोळीबंद ११२ ते ११६ अंश सेल्सियस. थर्मामीटर नसेल तर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटाने गोळी वळते का ते बघा. ‘मसाला’ एवढेच लिहिले असेल तर पुस्तक कुठले आहे त्यावर अर्थ ठरतो. पुण्याकडच्या पुस्तकात तो गोडा मसाला, ज्यात मिरची नसते किंवा नावाला असते. घाटावरच्या पुस्तकात तो काळा, तिखट मसाला. दोन चमचे गोडा मसाला सांगितलेल्या आमटीत दोन चमचे काळा मसाला पडला तर आमटी तोंडात धरवत नाही. ‘तिखट’ही तसेच: बेडगीचा एक चमचा रंग देतो, लवंगीचा एक चमचा घाम फोडतो. आणि ‘गूळ’ म्हणताना चिक्कीचा गूळ भाजी-आमटीत चालतो, पण साधा गूळ चिक्कीत चालत नाही. चिक्की कुरकुरीत न होता चिवट राहते.

नवे सुचायचे कसे

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत गेलात तर सगळे ओळखीचेच वाटेल: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शंकरपाळे. अनोळखी ते लपलेले असते. ते भाज्यांच्या, कोशिंबिरींच्या आणि ‘किरकोळ’ म्हणवल्या जाणाऱ्या प्रकरणांत शोधा. पक्वान्ने सगळ्या पुस्तकांत सारखीच असतात. चटण्या, सार, कायरस, कढण, डांगर, भरडा, वाळवणे यांत लेखिकेचे घर दिसते.

पहिल्या वाचनात फक्त एवढेच करा: आज बाजारात किंवा घरात जे आहे, त्याचा जो वापर तुम्ही कधी केला नाही, तिथे कागदाची चिठ्ठी घाला. दोडक्याच्या शिरा, कलिंगडाचा पांढरा गर, पडवळाच्या बिया, फणसाच्या आठळ्या, शेवग्याची फुले, कोबीचा दांडा. जुन्या पुस्तकांची खरी देणगी ही आहे. दुसऱ्या वाचनात पदार्थ नव्हे, रीत शोधा. उकड काढणे, पीठ पेरणे, भरडा वाफवणे, वाटण न भाजता घालणे, ताकात शिजवणे, फोडणी शेवटी देणे. एक रीत हाताला बसली की तिच्यातून दहा पदार्थ निघतात: पीठ पेरून सिमला मिरची येत असेल तर मुळ्याचा पाला, कांद्याची पात, कोवळा मुळा हे सगळे तसेच करता येते. जिथे साहित्य नवे आणि रीतही नवी, तो पदार्थ सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. कामाच्या दिवशी दोन्हींपैकी एकच नवे असावे.

एका आठवड्याला एक पदार्थ पुरे. पहिल्यांदा अर्ध्या प्रमाणात, पण लिहिल्याप्रमाणे करा. आधीच बदल केले तर चूक पुस्तकाची की आपली, हे कळत नाही. अर्धे करताना मात्र लक्षात ठेवा: जुन्या कृती आठ-दहा माणसांच्या असतात, आणि प्रमाण कमी केले की पाणी त्याच हिशेबाने कमी करून चालत नाही. थोड्या पदार्थातले पाणी लवकर आटते, म्हणून निम्म्या डाळीला निम्म्याहून थोडे जास्त पाणी ठेवा. हिंग, मोहरी, तिखट यांची फोडणीही निम्मीपेक्षा जरा जास्त लागते.

एक कृती उलगडून

जुन्या पुस्तकांत खांडवी साधारण अशा शब्दांत असते: तांदळाची कणी पावशेर, गूळ तितकाच, नारळ एक, आले बोटभर, कणी तुपावर भाजून आधणात टाकावी, वाफ आणावी, ताटात थापून वड्या पाडाव्यात. पाण्याचे प्रमाण नाही, वेळ नाही, तूप किती ते नाही. ती आजच्या भाषेत अशी होते.

साहित्य (१५० मिलीची वाटी): तांदळाचा रवा १ वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, पाणी २ वाट्या, ओला नारळ अर्धी वाटी आणि वर पेरायला थोडा, साजूक तूप २ टेबलचमचे, किसलेले आले १ चमचा, वेलदोडा पूड अर्धा चमचा, मीठ चिमूटभर. ‘नारळ एक’ शब्दशः घेऊ नका. नारळ केवढा त्यावर खवलेला चव दोन वाट्यांपासून चार वाट्यांपर्यंत निघतो.

१. कणी घरची असेल तर तांदूळ धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, मिक्सरमध्ये जाडसर काढा. चाळून पीठ वेगळे करा. पीठ राहिले तर वडी चिकट होते.

२. जाड बुडाच्या कढईत तूप घालून रवा मंद आचेवर आठ-दहा मिनिटे भाजा. रंग गुलाबी झाला, खमंग वास सुटला की थांबा. कमी भाजलेला रवा लगदा होतो.

३. दुसऱ्या भांड्यात पाणी, मीठ आणि आले उकळवा. उकळते पाणीच रव्यात ओता, हात जपा, वाफ जोरात येते. झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे शिजवा. कण बोटाने दाबला तर मध्ये टणक लागता कामा नये. लागला तर चार चमचे गरम पाणी शिंपडून आणखी वाफ काढा.

४. आता गूळ घाला. अनेक ठिकाणी गूळ आधणातच सांगितलेला असतो. गूळ पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रवा जाड असला तर तो कच्चट राहतो, आणि मग कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. आधी रवा शिजवून मग गूळ घातला की ही अडचण येत नाही. गूळ विरघळताना मिश्रण सैल होईल, घाबरू नका. सतत हलवत राहा. पाच-सात मिनिटांत ते कढईच्या कडा सोडते.

५. नारळ, वेलदोडा घालून दोन मिनिटे परता. तूप लावलेल्या ताटात पाऊण इंच जाड थापा, वर नारळ पेरून हलके दाबा. पूर्ण गार झाल्यावर वड्या कापा. गरम असताना कापल्या तर मोडतात.

वडी घट्ट झाली तर मिश्रण जास्त आटले. पुढच्या वेळी पाणी पाव वाटी वाढवा. ओघळली तर कडा सोडण्याआधी उतरवली. याच रीतीने तांदळाऐवजी वरीचे तांदूळ किंवा ज्वारीचा रवा घेता येतो, फक्त ज्वारीला पाणी अडीच वाट्या धरा.

चटकन होणारे हवे असेल तर दोडक्याच्या शिरांची चटणी. दोन दोडक्यांच्या शिरा, एक टेबलचमचा तेल, अगदी मंद आच, बारा-पंधरा मिनिटे. कुरकुरीत झाल्या की दोन टेबलचमचे भाजलेले तीळ, तेवढेच सुके खोबरे, दोन सुक्या मिरच्या आणि मीठ घालून कुटा. मीठ शेवटी. आधी घातले तर शिरा पाणी सोडतात आणि वातड होतात. खानदेशी फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, करताना डाळ चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटा आणि पंधरा-वीस मिनिटे वाफवा. बारीक वाटलेले फुणके चिकट होतात आणि कढीत सोडले की विरतात.

जे बदलायचे, आणि जे बदलायचे नाही

वनस्पती तुपाच्या जागी थिजलेले साजूक तूप तितकेच घ्या. नानकटाईत ते पातळ करून घालू नका, फेसून घाला. हवा फेसण्यातून येते. भाजी-रश्शातले तेल निम्म्यावर आणले तरी चालते. मोहनातले आणू नका. लोणच्यात मीठ आणि तेल हे चवीसाठी नसून टिकण्यासाठी असते: किलोभर कैरीच्या फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतेच आणि तेलाने फोडी बुडालेल्या राहिल्या पाहिजेत. मुरंब्यात साखर कमी केली तर तो बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवा. पापडखार आणि खाण्याचा सोडा एकमेकांच्या जागी मापाने वापरता येत नाहीत. पापडखार बराच तीव्र असतो. हिरव्या भाजीत सोडा सांगितलेला असला तर वगळा. रंग हिरवा राहतो खरा, पण भाजी लिबलिबीत होते आणि जीवनसत्त्वे नष्ट होतात.

रानभाज्यांच्या कृती आकर्षक असतात, पण शेवळे खाजरी असतात, आंबटाशिवाय शिजवली तर घसा धरतो. ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि शिजवायची रीत तिलाच विचारा. बाळाला मध चाटवण्याचा सल्ला जुन्या पुस्तकांत दिसतो. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध अजिबात देऊ नये, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते.

पदार्थ झाला की त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा: तारीख, वाटी किती मिलीची, पाणी किती लागले, किती माणसांना पुरला, पुढच्या वेळी काय. ही चिठ्ठी त्याच पानात राहू द्या. पुस्तक ज्याच्या हाती पुढे जाईल त्याला तुमचे ‘पाणी पाव वाटी जास्त’ तितकेच उपयोगी पडेल.